यजमान म्हणजे होस्ट नव्हे

विम्याच्या फॉर्मवर पहिलाच प्रश्न होता, होस्टचं नाव काय. यामिनीने तिथे थोरल्या भावाचं नाव टाइप केलं आणि पुढे गेली. विचार करण्यासारखं त्यात काही आहे असं तिला वाटलंच नाही. लग्नात यजमान असतो, यजमानाला इंग्रजीत होस्ट म्हणतात, आणि तिच्या लेकीच्या, उर्वीच्या लग्नात यजमान होता मुरलीधरदादा. हे दादाने स्वतःच ठरवलं होतं आणि साखरपुड्याला भरल्या घरात जाहीरही करून टाकलं होतं.

तसा हा शब्द यामिनीला कधी धार्जिणा नव्हताच. तिची आई नवऱ्याचं नाव न घेता 'आमचे यजमान' म्हणायची. यामिनीचा त्या अर्थाचा यजमान, म्हणजे यतिन, उर्वी ग्रेड थ्रीत असताना 'मला जरा स्पेस हवी' म्हणून जो पुण्याला गेला तो तिथेच रमला. दुसरा संसारही थाटला. लेकीच्या लग्नाला येणार का असं विचारल्यावर त्याने 'लिंक पाठव, नक्की जॉइन होतो' असं उत्तर पाठवलं होतं. नवरा म्हणून आलेला यजमान टिकला नाही, आणि आता आई म्हणून हक्काने जे यजमानपण यायला हवं होतं ते भाऊ घेऊन गेला.

यामिनी मेलबर्नच्या वेरिबी उपनगरात राहते. पन्नाशी उलटली आहे, गुडघे अजून शाबूत आहेत आणि जीभ तर फारच शाबूत आहे. वृद्धांच्या एका केअर होममध्ये ती रोस्टर लावते. कोण सकाळच्या शिफ्टला, कोण दुपारच्या, आणि पहाटे 'सॉरी, सिक आहे' असा मेसेज टाकून गुल झालेल्याच्या जागी कोण, हे सगळं तिने बघायचं. या कामाने तिला दोन गोष्टी दिल्या. कुणी 'बघतो' म्हणालं की ते 'नाही' म्हणालं असं समजायचं, हे शहाणपण, आणि कायमची चिडचिड. तिचं म्हणणं साधं असतं. प्रत्येक कामापुढे एका माणसाचं नाव हवं, आणि ज्याचं नाव असेल त्याने ते काम करायला हवं. जगात हे कुठेच होत नाही याचा तिला रोज नव्याने संताप येतो, आणि रोज नव्याने ती फोन उचलून माणसं शोधायला लागते.

दादा मेलबर्नला तिच्या कितीतरी आधी आलेला. पॉइंट कुकमध्ये मोठं घर, भाड्याने दिलेली आणखी घरं, आणि मराठी मंडळाचा कुठलाही कार्यक्रम असो, पहिल्या रांगेत खुर्ची. पण माणूस वाईट म्हणावा तर तसंही नाही, आणि खरी पंचाईत तीच होती. यतिन गेल्यावर दादाने बहिणीला आणि भाचीला स्वतःच्या घरी नेलं, वर्षभर ठेवून घेतलं, एका शब्दाने कधी दुखावलं नाही. उर्वीला पोहायला तोच न्यायचा. यामिनीला गाडी त्यानेच शिकवली, तीही न ओरडता. चित्रलेखावहिनीनेसुद्धा त्या वर्षात कपाळाला एक आठी घातली नाही. अशा भावाला नाही म्हणायला यामिनीची जीभ रेटत नसे, एरवी कितीही चालत असली तरी.

साखरपुड्याला सगळे जेवून सुस्तावले असताना दादा उभा राहिला आणि म्हणाला, कन्यादानाला मी आणि चित्रलेखा बसणार, उर्वीला बापाची उणीव भासू देणार नाही. टाळ्या पडल्या. निनादच्या आईने, उर्वीच्या होणाऱ्या सासूबाईंनी, डोळे टिपले. निनादचे परगावाहून आलेले मित्र शिट्ट्या वाजवायला लागले. सगळे यामिनीकडे बघत होते म्हणून यामिनी हसली, आणि श्रीखंडाचं रिकामं भांडं उचलून आत गेली. आत जाऊन तिने सिंक घासलं. ते स्वच्छ होतं, तरी घासलं. उर्वी तापाने फणफणली की उशाशी कोण बसायचं? ती गाडी शिकताना शेजारी जीव मुठीत धरून कोण बसलं? आणि आता तिचा हात निनादच्या हातात द्यायची वेळ आली तर आईने ते बघायचं कुठून, तर पहिल्या रांगेतून. या सबंध लग्नात यामिनीला एकच गोष्ट हवी होती. कन्यादान तिला स्वतःला करायचं होतं. बाकी साड्या, मेन्यू, सजावट, मेंदी, कोणाचं काय चालायचं ते चालू दे.

तिने गुरुजींना हळूच विचारूनही पाहिलं होतं. माधव गुरुजी आठवडाभर नेटवर्क इंजिनिअर असतात आणि वीकेंडला लग्नं लावतात. एकट्या आईने कन्यादान केलं तर चालतं का, असं विचारल्यावर ते म्हणाले, न चालायला काय झालं, तुम्ही घरात ठरवा आणि मला फक्त यजमानाचं नाव कळवा. घरात ठरवा म्हणे. घरात ठरत असतं तर हिने त्यांना कशाला फोन केला असता?

विम्याचं झेंगट मागे लागलं ते हॉलमुळे. हॉल सुरेख होता, बाहेर हिरवळ, पार्किंगला मुबलक जागा. पण हॉलच्या मॅनेजरबाई डेबी यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं की विम्याचा कागद दाखवल्याशिवाय किल्ली मिळणार नाही. पाहुणा घसरून पडला, कुणाचा पदर पेटला, हॉलची काच फुटली, तर जबाबदार कोण हे आधी ठरलेलं हवं. यामिनीला यात वावगं काही वाटलं नाही, उलट बरंच वाटलं. निदान या एका बाईला तरी कामापुढे नाव लागतं, असं तिच्या मनात आलं. दादाला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, आमंत्रणं, मानपान, गुरुजी, सगळं माझ्याकडे, कागदाचं तेवढं तू बघ. कागदाचं तेवढं, असं तो म्हणाला खरा. ते तेवढं केवढं होतं याची त्याला काय कल्पना.

फॉर्म ऑनलाइन होता आणि आगीपाशी येऊन अडला. कार्यक्रमात उघडी ज्योत असेल का, या प्रश्नाला तिने हो म्हटलं, तर खाली पर्याय आले. मेणबत्ती, बार्बेक्यू, फटाके, इतर. तिने 'इतर' निवडलं की फॉर्म 'कृपया आम्हाला फोन करा' म्हणायचा आणि भरलेलं सगळं पुसून टाकायचा. तिने तो पुन्हा भरला, त्याने पुन्हा पुसला. होमाला बार्बेक्यू म्हणून मोकळं व्हावं असा मोह तिला झाला होता. पण लेकीने बार्बेक्यूभोवती सात पावलं टाकली असं कुठेतरी लिहिलं जाणार, या विचाराने तिने हात आवरला आणि फोन लावला. पिआनो ऐकून ऐकून कान किटले तेव्हा कुठे पलीकडून माणूस आला.

तो ब्रोडी नावाचा पोरगा होता, आवाजावरून पंचविशीचा, आणि इतका गोड की त्याच्यावर चिडायचीही सोय नव्हती. त्याने विचारलं, आग कसली. यामिनी म्हणाली, होम. ब्रोडी म्हणाला, पण तुम्ही तर हॉलमध्ये म्हणालात ना? यामिनी म्हणाली, हॉलमध्येच, हॉलमध्ये होम. ब्रोडी म्हणाला की हॉल वेगळा आणि होम वेगळं, दोन जागा असतील तर पॉलिसी दोन लागतील. हे निस्तरण्यात बराच वेळ गेला. मग आग कशासाठी, स्वयंपाकासाठी का? नाही. उजेडासाठी? नाही. मग नक्की कशासाठी? यामिनीने सांगितलं की अग्नी हा लग्नाचा साक्षीदार असतो. पलीकडून टाइप केल्याचा आवाज आला. मग ब्रोडीने अदबीने विचारलं की हा साक्षीदार पूर्ण वेळ थांबणार आहे की थोडा वेळच.

पुढचा प्रश्न, पाहुणे काही फेकणार आहेत का. हो, तांदूळ. शिजवलेले की कच्चे? आता शिजवलेला भात नवरा-नवरीच्या डोक्यावर कोण टाकेल? पण ब्रोडी गंभीरपणे विचारत होता, त्याला ते लिहायचं होतं. कच्चा तांदूळ लाकडी जमिनीवर पडला की माणसं घसरतात, त्याऐवजी साबणाचे फुगे चालतील का, हल्ली बरेच जण फुगेच करतात, असंही त्याने सुचवून पाहिलं. यामिनीने डोळे मिटून मंगलाष्टकांच्या 'सावधान'ला शंभर माणसं एकदम फुगे फुंकताहेत असं चित्र बघितलं आणि डोळे उघडले. अखेर जमिनीवर गालिचा अंथरायचा यावर तडजोड झाली. घोडा असणार का? आमच्यात घोडा नसतो, हे सांगताना तिला उगाचच अभिमान वाटला. दारू? तीही नाही. एवढी माणसं आणि दारू नाही, हे ब्रोडीला होमापेक्षा जड गेलं. त्याने ते दोनदा विचारून खात्री करून घेतली.

शेवटी त्याने नाव वाचून दाखवलं, होस्ट मुरलीधर, बरोबर? यामिनी हो म्हणाली. 'नो वरीज,' ब्रोडी म्हणाला, मी कागद पाठवतो, त्यावर होस्टने स्वतः सही करायची. कार्यक्रमातल्या सुरक्षिततेची जबाबदारी माझी, आग माझ्या देखरेखीखाली राहील, वगैरे. यामिनीने सुटकेचा निःश्वास टाकला. तिच्या मते काम झालं होतं, आता फक्त सही उरली होती.

रविवारी ती तो कागद घेऊन पॉइंट कुकला गेली. वहिनीने चहा टाकला. दादाने चष्मा लावला आणि कागद वाचायला घेतला. साधारणपणे दादा कुठलाही कागद वाचत नाही, वाचल्यासारखा चेहरा करतो आणि 'कुठे करायची सही' म्हणतो. या वेळी मात्र त्याने पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, मग उलटा करून मागे काही आहे का तेही बघितलं. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"हे माझ्या नावावर का?" त्याने विचारलं.

"तू यजमान आहेस म्हणून."

"यजमान म्हणजे होस्ट नव्हे गं," दादा समजावणीच्या सुरात म्हणाला. "यजमान मानाचा असतो. होस्ट म्हणजे ज्याच्या घरचं कार्य तो. कार्य तुझं आहे. उद्या कोणी पडलंबिडलं, विमा कमी पडला, केस झाली, तर माझी एवढी प्रॉपर्टी आहे. तुझं काय, तुझं एक राहतं छोटं युनिट. तुझं नाव घाल ना, त्यात काय मोठंसं."

हे बोलताना त्याच्या मनात काही वाकडं नव्हतं. तो खरोखरच हिशेबी शहाणपणाचं बोलत होता. तिने कागद पर्समध्ये ठेवला, चहा प्यायली, वहिनीने डब्यात दिलेल्या चकल्या घेतल्या आणि निघाली. गाडीत बसल्यावर तिचं डोकं भणभणायला लागलं. कार्य तुझं आहे म्हणतो. कार्य माझं, हॉल मी शोधला, होम मी समजावला, तांदूळ मी सोडवला, कोणी पडलं तर ते माझ्या नावावर, आणि पाटावर बसायला मात्र हा. तिच्या रोस्टरमध्ये असं कधी कोणी केलं असतं, नाव एकाचं आणि शिफ्ट दुसऱ्याची, तर तिने त्याला फोनवर उभा-आडवा सोलला असता. इथे तिने चकल्या घेतल्या आणि थँक्यू म्हटलं.

घरी उर्वी आली होती. उर्वी फिजिओथेरपिस्ट आहे, लग्नापर्यंत आईकडे राहायचं म्हणून सामान घेऊनच आली होती. आईचा चेहरा बघून तिने काय झालं ते विचारलं, आणि यामिनीने एका दमात सगळं सांगितलं. यजमान, होस्ट, प्रॉपर्टी, युनिट. सांगता सांगता, इतके दिवस पोटात ठेवलेलंही बाहेर पडलं, की मलाच बसायचं होतं. उर्वी ऐकत होती. तिच्या हातातली चकली तशीच राहिली.

"पण आई, यू स्माइल्ड," ती म्हणाली. "मामाने सांगितलं तेव्हा मी तुझ्याकडेच बघत होते. यू वर स्माइलिंग. मला वाटलं तुलाच तसं हवंय, म्हणून मी काही बोलले नाही."

"मग काय तिथे सगळ्यांसमोर रडू?"

"नो. बट यू कुड हॅव सेड नो. मला तर पहिल्यापासून वाटत होतं की तूच करशील. हू एल्स, आई?"

यामिनीला आधी भयंकर राग आला. ही पोरगी तोंड आवळून बसली, मी तोंड आवळून बसले, आणि दोघी एकमेकींचं मन राखत एकमेकींच्या मनाविरुद्ध वागलो. एवढी वर्षं एका घरात राहून हे. मग तिला वाटलं की आपण एक हसलो ते केवढ्याला पडलं. हसणं बंदच करावं.

दुसऱ्या दिवशी कामावरून परस्पर ती दादाकडे गेली. या वेळी चहा नको म्हणाली, खुर्चीत बसलीही नाही. बसलं की जीभ रेटत नाही हे तिला माहीत होतं. कागद तिने टेबलावर ठेवला, शेजारी पेन ठेवलं.

"दादा, कन्यादानाला मी बसणार आहे," ती म्हणाली.

दादाने आधी तिच्याकडे बघितलं, मग स्वयंपाकघराच्या दारातल्या वहिनीकडे. "एकटी?"

"एकटी."

कार्डं छापून झाली आहेत, नावं गेली आहेत, पाहुण्यांना सांगून झालंय, जोडीने बसायचं असतं, असं दादा बरंच काही बोलला. यामिनीने त्याला बोलू दिलं. शेवटी तो जे बोलेल असं तिला वाटत होतं, आणि जे ऐकायला लागू नये म्हणून ती इतके दिवस गप्प होती, तेच तो बोलला.

"मी तुमच्यासाठी काही कमी केलं का गं?"

"नाही," यामिनी म्हणाली. "काहीच कमी केलं नाहीस. म्हणून तर तोंड उघडलं नाही. पण दादा, कोणी पडलं तर मी, आग लागली तर मी, आणि मुलीचा हात द्यायचा तर तू, हे मला नाही जमणार. तुला बसायचं असेल तर सही कर आणि बस, मी एका शब्दाने काही म्हणणार नाही. नाहीतर मी सही करते आणि मी बसते."

दादाने पेन उचललं. बोलताना ती धरूनच चालली होती की हा सही करणार नाही. पण मानी माणूस, त्यातून बहिणीने तोंडावर ऐकवलेलं. केली सही तर? मग शब्द दिला म्हणून पहिल्या रांगेत बसावं लागणार, आणि आयुष्यभर स्वतःलाच शिव्या घालाव्या लागणार. दादाने पेनाचं टोपण काढलं. कागदावर 'आग माझ्या देखरेखीखाली' असं जिथे लिहिलं होतं तिथे त्याची नजर पुन्हा गेली. पेन हवेतच राहिलं. मग त्याने टोपण परत लावलं, पेन यामिनीपुढे सरकवलं आणि खिडकीबाहेर बघायला लागला.

"मला कोणी विचारलं नाही अजून," वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाली. "पण मला तेवढा वेळ पाटावर मांडी घालून बसवत नाही. साखरपुड्यापासून सांगायचं म्हणते आहे. तुम्ही सगळे इतके भारावलेले, सांगणार कुणाला?"

यामिनीला हसावं की कपाळावर हात मारावा कळेना. सगळ्या घरात एकाही माणसाने मनातलं बोलायचं नाही असा ठरावच झालेला दिसत होता. तिने सही केली. आपलं नाव होस्टच्या चौकोनात नीट, मोठ्या अक्षरांत लिहिलं.

"मग मी काय करायचं?" दादाने विचारलं. आवाज इतका पडला होता की यामिनीला त्याची कीव आली, आणि कीव आली म्हणून स्वतःचाच राग आला.

"तू मामा आहेस तिचा. तिला हाताला धरून मंडपात कोण आणणार, मी? ते तुझंच आहे. ते तुझ्याकडून कोणी घेत नाहीये."

दादा उठून बाहेर गेला आणि पाऊस पडून गेलेल्या लॉनला पाणी घालायला लागला.

ब्रोडीला पुन्हा फोन करावा लागला, पुन्हा तो पिआनो. होस्ट बदलायचा आहे म्हटल्यावर त्याने कारण विचारलं. आधीच्या होस्टला होस्ट व्हायचं नव्हतं, त्याला फक्त यजमान व्हायचं होतं, हे इंग्रजीत कसं सांगायचं याचा यामिनीने क्षणभर विचार केला आणि सोडून दिला. 'फॅमिली रीझन्स,' ती म्हणाली. ब्रोडीला ते लगेच समजलं. नवीन होस्टचं नवरीशी नातं काय, त्याने विचारलं. आई, असं सांगितल्यावर तो म्हणाला, मग हे आधीच का नाही केलंत, तेच सगळ्यात सोपं होतं. यामिनीने फोन कानापासून लांब धरला, एक श्वास घेतला आणि थँक्यू म्हणून ठेवून दिला.

दादा हळद लागली तरी रुसूनच होता. सगळी कामं करत होता, फक्त बोलत नव्हता, आणि बोलत नाहीये हे प्रत्येकाला कळेल अशा बेताने बोलत नव्हता. लग्नाच्या सकाळी मात्र फेटा बांधून हजर झाला. डेबीने येऊन धुराचे अलार्म बंद केल्याचं सांगितलं, गालिचा बघितला, होमाचं कुंड आणि त्याखालचा पत्रा बघितला, आग विझवायचा सिलिंडर कुठे ठेवलाय ते यामिनीला दाखवलं, आणि होस्ट म्हणून तिची आणखी एक सही घेतली. नऊवारी नेसून, नथ सावरत सही करताना यामिनी पुटपुटली की या देशात माणूस मेल्यावर स्वर्गाच्या दारातसुद्धा आधी सही मागतील. डेबीला मराठी येत नव्हतं, ती 'यू लुक लव्हली' म्हणाली.

दादाने उर्वीचा हात धरून तिला मंडपात आणलं. हळूहळू, तिच्या शालूच्या निऱ्या पायात येणार नाहीत अशा बेताने. तिला पाटावर उभं करून मागे वळताना तो यामिनीपाशी थांबला. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा तिच्याशी बोलला.

"पदर खोचून घे," तो म्हणाला. "होम जवळ आहे."

आणि मागे जाऊन उभा राहिला. यामिनीने पदर खोचला. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, गालिच्यावर कोणी घसरलं नाही. लॅपटॉपच्या पडद्यावर यतिन हात हलवत होता आणि त्याचा माइक बंद होता. तो तसाच राहू द्या, असं यामिनीने खुणेने सांगितलं.

मग माधव गुरुजींनी तिला पुढे बोलावलं. यजमानांचं नाव, गुरुजींनी विचारलं. यामिनीने सांगितलं, जरा मोठ्यानेच, मागच्या रांगेपर्यंत जावं असं. गुरुजी तेच नाव घेऊन संस्कृतात पुढे गेले. तिला बरं वाटलं. इतक्या दिवसांची सगळी कटकट, तो ब्रोडी, तो पिआनो, तो रुसलेला फेटा, सगळं वसूल झाल्यासारखं वाटलं. गुरुजींनी सांगितलं की जोडी असते तेव्हा एकाने हात धरायचे आणि एकाने पाण्याची धार, तुम्ही डाव्या हाताने मुलीच्या हाताला खालून आधार द्या आणि उजव्या हाताने धार सोडा. यामिनीने उर्वीचा हात आपल्या हातावर घेतला. खाली निनादची ओंजळ होती. तिने तांब्या उचलला.

गुरुजींची एक पद्धत होती, मंत्र म्हणून झाला की पाहुण्यांसाठी त्याचा अर्थ मराठीत सांगायचे. त्यांनी तो सांगितला. ही माझी कन्या, आजवर माझी म्हणून वाढवलेली, मी तुला देते.

बसायला मिळावं म्हणून यामिनी इतकी भांडली होती. बसल्यावर काय करायचं असतं, याचा विचार तिने एकदाही केला नव्हता. यजमानाने द्यायचं असतं. उर्वीचा हात उबदार होता, मेंदीने जरा खरखरीत झालेला, आणि लहानपणी रस्ता ओलांडताना धरायची तसं तिने आईचं बोट धरून ठेवलं होतं. यामिनीचा उजवा हात वरच राहिला. तांब्या तिरपा होईना.

"ताई, धार सोडा," गुरुजी हळूच म्हणाले.

तिने ऐकलं. मागे वहिनी नाक ओढत होती. निनाद ओंजळ धरून खाली मान घालून थांबला होता.

"ताई, पाणी सोडायचं."

"सोडते हो," यामिनी खेकसली. "थांबा ना जरा. अजून माझीच आहे ती."

गुरुजी थांबले.